दोघांच्या स्वयंपाकाला पाच लिटरचा कुकर कशाला? (गॅस, वीज आणि भांड्यांचे आकार)

केळफूल, नेरूळ

थोरली लग्न होऊन पुण्याला गेली, धाकटा नोकरीसाठी बंगळुरूला. घरात आम्ही दोघंच उरलो. तरी पुढचं सव्वा वर्ष मी रोज पाच लिटरचाच कुकर लावत होते. तळाला दोन भांडी पाणी, एका डब्यात वाटीभर तांदूळ, दुसऱ्यात मूठभर तूरडाळ. हात सवयीने तोच कुकर उचलायचा.

गेल्या गणपतीत त्याची रिंग गेली आणि ऐन सणात त्या मापाची मिळेना. माळ्यावरून दोन लिटरचा कुकर काढला. मुलं लहान असताना त्यात मऊ भात व्हायचा, त्यानंतर तो वर गेला तो गेलाच. मी तांदूळ थेट कुकरातच घातले, डबा नाही की खालचं पाणी नाही. नेहमी पहिल्या शिट्टीला नऊ-दहा मिनिटं लागायची, ती चौथ्या मिनिटाला झाली. मी घड्याळ पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खात्री करायला परत पाहिलं.

आमच्या सिडकोच्या जुन्या इमारतीत अजून पाइपचा गॅस आलेला नाही, सिलिंडरच आहे. तो लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची सवय सासूबाईंपासूनची, त्यामुळे मागचा हिशेब हाताशी होता. आधी एक सिलिंडर पन्नास दिवसांच्या आसपास जायचा. नंतरचे तीन अनुक्रमे ६१, ६६ आणि ६८ दिवस गेले. मधे मुलगी आठवडाभर आली होती, तेही त्यात धरलं आहे.

एवढंच बदललं: भात-डाळीला छोटा कुकर. चहाला मोठ्या बर्नरऐवजी छोटा, कारण चहाचं पातेलं मोठ्यावर ठेवलं की ज्योत कडेने वर येते आणि कान तापतात. छोटं भांडं शेगडीच्या दांड्यांवर डुगडुगतं, म्हणून भांड्यांच्या दुकानातून वर ठेवायची लोखंडी रिंग आणली. आणि भातासाठी टोपली.

टोपलीचं सविस्तर सांगते, कारण ते मला सगळ्यात आवडलं. वेताची जुनी टोपली, तिला आतून गोधडीचं अस्तर आणि वर टाकायला एक उशी. तांदूळ अर्धा तास भिजवायचे, दुप्पट पाण्यात जाड बुडाच्या पातेल्यात उकळी आणायची, घट्ट झाकण ठेवून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवायचं. मग पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत. चाळीस मिनिटांनी उशी काढली की वाफ तोंडावर येते आणि शितं मोकळी असतात. करपण्याची भीती नाही, समोर उभं राहायला नको. तेवढ्यात माझी पूजा होते.

आता विचारायचंय ते असं. इंडक्शन घ्यावा का? मायक्रोवेव्ह आहे, पण तो दूध गरम करण्यापुरताच. ज्यांनी खरोखर वापरून, बिलं बघून ठरवलंय त्यांनी लिहा. ठाणे-नवी मुंबईतल्यांनी जरूर लिहा, आपले दर आणि आपला पाऊस सारखाच आहे.

चराईकर, ठाणे

उत्तम धागा. आमच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन आहे, त्यामुळे सिलिंडर किती दिवस गेला हे कळायला मार्ग नाही. दोन महिन्यांनी बिल येतं आणि आपण भरतो. आम्हीही दोघंच, कुकर साडेसहा लिटरचा! वाचतोय.

तिसरी शिट्टी, सीवूड्स

केळफूल, तुमचा कुकर इतक्या लवकर का झाला याचं गणित सोपं आहे. मोठा कुकर, झाकण आणि डबे मिळून दोन किलो धातू सहज होतो. दोन किलो ॲल्युमिनियम तापवायला जवळपास अर्धा लिटर पाणी तापवण्याइतकी उष्णता लागते. त्यात तळाचं पाणी. म्हणजे वाटीभर तांदळासाठी तुम्ही रोज पाऊण-एक लिटर पाण्याइतकं ओझं जास्तीचं तापवत होता, आणि जेवण होईपर्यंत ते सगळं ओट्यावर गार होत होतं.

दुसरी गोष्ट वाफेची. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, हे मुलांना पातेलं ठेवूनच दाखवायचे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट लागते तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवायला. उकळी आल्यावर आच मोठी ठेवली तर पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, डाळ लवकर शिजत नाही, फक्त जास्त वाफ होते. म्हणून झाकण, आणि उकळीनंतर मंद आच. कुकरात दाबामुळे तापमान १२० अंशांपर्यंत जातं म्हणून तिथे डाळ झटपट शिजते, पण शिट्टी झाली म्हणजे तो दाब पूर्ण झाला. पुढच्या शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवण्यात काही मिळत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक आणि घड्याळ लावायचं. तूरडाळ अर्धा तास भिजलेली असेल तर माझ्याकडे सहा-सात मिनिटांत गोळा होते. छोले, वाल, राजमा रात्रभर भिजवायचेच.

टोपलीबद्दल एक काळजीची सूचना. राजमा टोपलीत किंवा विजेच्या मंद आचेच्या कुकरात (स्लो कुकर, शिट्टीचा नव्हे) थेट करू नका. तो आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यातलं एक द्रव्य पोटाला फार त्रास देतं आणि कमी तापमानाला ते नष्ट होत नाही. आणि भात टोपलीत रात्रभर ठेवू नका. कोमट अन्न आपल्या दमट हवेत लवकर बिघडतं.

मीटरवाला, कोपरी, ठाणे

इंडक्शनचं मी लिहितो. तीस वर्षं विजेच्याच कामात गेली, निवृत्त झाल्यावर घरात हेच उद्योग करतो.

तुमच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटला किती वेळा तो लुकलुकतो हा आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे, काहींवर १६०० किंवा ६४०० असतो. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रीजसुद्धा, एकच उपकरण चालू करायचं आणि लुकलुक मोजायची. वेगळं यंत्र विकत घ्यायला नको. मी नातवाला मीटरसमोर स्टुलावर बसवलं, तो प्रत्येक दहाला वहीत रेघ मारत होता आणि मी आत.

एक लिटर पाणी, २८ अंशांवरून उकळीपर्यंत. नुसत्या पाण्याला लागणारी ऊर्जा हिशेबाने ०.०८४ युनिट. किटलीला ३०० लुकलुक लागल्या, म्हणजे ०.०९४ युनिट. इंडक्शनला ३१५, म्हणजे ०.०९८. मायक्रोवेव्हला ४८०, म्हणजे ०.१५ युनिट, वेळही दुप्पट. थोडक्यात, पाणी उकळायला मायक्रोवेव्ह वापरू नका. पण एक वाटी आमटी गरम करायला किंवा एक पापड भाजायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही, कारण तिथे भांडं आणि हवा तापत नाही, फक्त पदार्थ तापतो. पापडाला एक मिनिट लागतं. एकाचे चार बटाटे केले की वेळही जवळपास चौपट होतो, तिथे त्याचा फायदा संपला.

आता पैशांचं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. घरगुती शेगडीला आयएस ४२४६ या मानकाप्रमाणे ६८ टक्के कार्यक्षमता हवी, पण ती प्रयोगशाळेतली. छोटं भांडं, वारा, मळलेला बर्नर धरून मी ५५ ते ६० टक्के धरतो. इंडक्शनचे ८५. म्हणजे एक सिलिंडर जे काम करतो तेच करायला इंडक्शनला सुमारे १२० युनिट वीज लागते. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १२० ने भागा. येणारा आकडा तुमच्या विजेच्या दरापेक्षा कमी असेल तर गॅस स्वस्त, जास्त असेल तर इंडक्शन. पाइपच्या गॅसला एका घनमीटरच्या दराला साडेसहाने भागा.

दर बघताना बिलावरची सरासरी धरू नका. महावितरणचे टप्पे १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत. इंडक्शनचं प्रत्येक युनिट तुमच्या शेवटच्या टप्प्यात पडतं. ज्यांचं बिल २८० युनिटला थांबतं त्यांनी महिन्याला चाळीस युनिटचा स्वयंपाक विजेवर नेला तर शेवटची वीस युनिटं वरच्या दराने जातील. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क तर आहेच. ८० युनिटवाल्या घराचा हिशेब अगदी वेगळा येईल. म्हणून शेजारणीचं ऐकून ठरवू नका, स्वतःचं बिल काढा.

केळफूल

काका, खूप खूप आभार. आजच मीटर बघून आले. आमच्यावरही ३२०० आहे.

खारघरची सून

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आमच्या घरात सात माणसं. मी सकाळी साडेसातच्या लोकलला निघते, सासूबाई नऊला नाश्ता करतात, मुलं दुपारी. छोटी उपकरणं आणा म्हणताना प्रत्येक लेखात दोन माणसांचं घर असतं. आमच्याकडे तीन डब्यांचा मोठा कुकर हेच सगळ्यात काटकसरीचं भांडं आहे. खाली डाळ, मधे भात, वर बटाटे किंवा भाजी, एकाच वाफेवर तिन्ही. त्याऐवजी भाताला वेगळा कुकर, भाजीला इंडक्शन, अंड्यांना आणखी काहीतरी, असं केलं तर गॅस वाचेल पण माझा सकाळचा अर्धा तास जाईल आणि ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा उरणार नाही. काय वाचवायचं ते घरात माणसं किती आणि कोण उभं राहतंय, त्यावर ठरतं.

आमच्याकडे कामी आलेली एकच वस्तू म्हणजे चार लिटरचा एअर फ्रायर. आधी मुलांसाठी बटाट्याच्या फोडी आणि रविवारचं चिकन तीस लिटरच्या ओटीजीत (विजेच्या ओव्हनमध्ये) व्हायचं. आतली सगळी हवा तापेपर्यंत दहा मिनिटं, मग पुढचं. मीटरवाला काकांचं वाचून काल मोजलं. ओटीजीला तेवढ्याच फोडींना १९०० लुकलुक, एअर फ्रायरला ८५०. निम्म्याहून कमी. ओटीजी आता केक करायच्या दिवशीच निघतो.

केळफूल

अगदी खरं आहे. मी सातांचा स्वयंपाक वीस वर्षं केलाय, तेव्हा तोच पाच लिटरचा कुकर बरोबर होता. माझं चुकलं ते माणसं कमी झाल्यावर तो न बदलण्यात.

चाफा, घणसोली

+१. खारघरची सून, ओट्याच्या जागेचं कोणीच लिहीत नाही, बरं झालं लिहिलंत.

पहिलाच फ्लॅट, ऐरोली

मी एकटा राहतो, भाड्याची वन आरके, गॅसचं कनेक्शनच नाही. गेलं वर्षभर किटली, छोटा राइस कुकर आणि अंडी उकडायचं यंत्र एवढ्यावर चाललंय. राइस कुकरात आई फोनवर सांगते तशी मुगाची खिचडी होते. फोडणी त्याच भांड्यात आधी घालतो. ते अंड्यांचं यंत्र ३५० वॉटचं, दोन-तीन चमचे पाण्याच्या वाफेवर सहा अंडी दहा मिनिटांत. पूर्वी मी त्यासाठी पातेलंभर पाणी उकळायचो.

आता इंडक्शन घ्यायचा विचार आहे, पोळ्या नाहीत तरी निदान घावन तरी. पण खोलीत सगळे बारीक सॉकेट आहेत. चालेल का?

वर्तकनगरचा दादा, ठाणे

नाही चालणार, आणि हे मी भोगून सांगतोय. दोन वर्षांपूर्वी आम्ही इंडक्शन आणला. मिक्सरच्याच सॉकेटला लावला. दुकानातला माणूस म्हणाला होता, काही होत नाही. महिनाभर काही झालंही नाही. एका संध्याकाळी बायको कढी करत होती, तिला जळक्या प्लास्टिकचा वास आला. तिला वाटलं, कढईचा दांडा. प्लग काढायला हात लावला तर सॉकेटच मऊ पडून प्लगबरोबर बाहेर आलं, मागची वायर काळी. नशिबाने तिने हात लावायच्या आधी बटण बंद केलं होतं. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

मीटरवाला

दादांनी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. २००० वॉटचा इंडक्शन २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो. बारीक सॉकेट सहा अँपिअरचं असतं. त्याला सोळा अँपिअरचं सॉकेट, मीटरच्या पेटीपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगलं अर्थिंग आणि शक्यतो स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) हवा. एक्स्टेंशन बोर्डवर तर कधीच नाही. ऐरोलीच्या मुला, घरमालकाला हे करून द्यायला सांग, आणि तो नाही म्हणाला तर राइस कुकरवरच राहा बाळा. तो ५०० ते ७०० वॉटचा असतो, बारीक सॉकेटला चालतो.

भांड्याचं: तळाला चुंबक चिकटला तरच इंडक्शनवर चालेल. आणि स्वस्त इंडक्शन मंद आचेवर ठेवला की तो खरोखर मंद होत नाही, पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतो. त्यामुळे दूध उतू जातं आणि खीर तळाला लागते. घ्यायच्या आधी दुकानातच सर्वांत खालच्या आचेवर पातेलंभर पाणी ठेवून बघा. बुडबुडे एकदम येऊन एकदम थांबत असतील तर तो तसलाच.

पोळ्यांबाबत: आमच्या घरी पोळ्या आणि भाकरी गॅसवरच आहेत. भाकरी ज्योतीवर फुगते, ते इंडक्शनवर होत नाही. सुती फडक्याने दाबून पोळी फुगवता येते, पण भाकरीला निखारा नाहीतर ज्योत हवीच.

माईआजी, नौपाडा

मी ७९ वर्षांची आहे, नात टाइप करते आहे.

केळफूल, तुझी टोपली वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं माहेर चिपळूणजवळचं. आमच्या चुलीला वैल होता. वैल म्हणजे मुख्य चुलीच्या मागचं दुसरं तोंड, पुढची आग मागे जाताना त्यातून उष्णता मिळायची. पुढे भाकऱ्या भाजल्या जायच्या आणि वैलावर भात उतरवून ठेवलेला, नाहीतर दुधाचं भांडं. वैलासाठी वेगळं लाकूड कोणी घालत नसे. भाताला आधण आलं की आई पेज काढायची आणि भांडं वैलावर सरकवायची. रात्री चूल विझली की राखेत निखारे झाकून ठेवायचे. सकाळी त्यांच्यावरच अंघोळीचं पाणी कोमट झालेलं असायचं. लाकूड आम्ही बायकाच डोक्यावरून आणायचो, त्यामुळे फुकट जाळायची सवयच नव्हती.

लग्न होऊन ठाण्यात आले तर सासऱ्यांकडे पितळेचा इकमिक कुकर होता. ते रेल्वेत होते, बाहेरगावी मुक्काम असला की घेऊन जायचे. एकावर एक डबे, खाली कोळशाची छोटी शेगडी, बाहेरून मोठं नळकांडं. सकाळी लावून कामाला जायचे, दुपारी येऊन वरण-भात-भाजी तयार. नात म्हणते की तो कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली काढला. आमच्याकडे तो माझ्या दिराने भंगारात दिला. मला न विचारता दिला.

तिसरी शिट्टी

माईआजी, नमस्कार. त्याच पद्धतीचा सराई कुकर पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, तयार केला. शंभरेक ग्रॅम कांडीकोळशावर घरातल्या चार-पाच जणांचा वरण-भात होतो. माझ्या बहिणीकडे साताऱ्याला आहे, अंगणात लावते. आपल्या बंद फ्लॅटमध्ये मात्र कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खोली भरली तरी कळत नाही.

चाफा, घणसोली

सौर कुकर कोणी वापरतं का? आमच्या गॅलरीला दुपारी दोनपर्यंत ऊन असतं.

चराईकर, ठाणे

आमच्या गच्चीवर पेटीचा, काळ्या डब्यांचा, आरसा असलेला सौर कुकर आहे. डिसेंबर ते मे छान चालतो. साडेदहाला भिजवलेली मटकी किंवा डाळ-तांदूळ ठेवायचे, दीड-दोनला होतात. शेंगदाणे त्यात सुंदर भाजले जातात, एकही करपत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो माळ्यावर जातो. गॅलरीत मात्र जमणं कठीण, कारण ऊन सरकतं तसा आरसा फिरवावा लागतो आणि वरच्या गॅलरीची सावली आड येते.

आता माझा हिशेब. धागा आला त्याला दोन महिने झाले, नवीन बिल हातात आहे. मीटरवाला काकांच्या सूत्राने काढलं तर आमच्याकडे पाइपचा गॅस इंडक्शनपेक्षा स्वस्त पडतो, कारण एसीमुळे आमचं वीजबिल आधीच तिसऱ्या टप्प्यात असतं. म्हणून इंडक्शन घेतला नाही. जांभळी नाक्यावरून दोन लिटरचा कुकर आणला. बर्नर खोलून पिन घालून सगळी भोकं साफ केली, ज्योत पिवळी यायची ती निळी झाली. चहा छोट्या बर्नरवर. गेल्या वर्षी याच दोन महिन्यांत १९ घनमीटर होते, यंदा १४ आहेत. आमच्या खाण्यात काही फरक पडलेला नाही.

मी बिलांची फाइल ठेवतो आणि आजवर कधी घनमीटरचा रकाना पाहिला नव्हता, फक्त रक्कम पाहायचो.

केळफूल

चराईकर, वाचून फार आनंद झाला. पाच घनमीटर म्हणजे चांगलाच फरक आहे.

मीही भागाकार केला. आमचं बिल उन्हाळा सोडला तर नव्वद युनिटच्या आत असतं, त्यामुळे दोन्ही जवळपास सारखं पडतंय. तरी इंडक्शन घेतला, एका वेगळ्या कारणासाठी. मे महिन्यात ओट्याशी उभं राहून पंखा लावता येत नाही, ज्योत विझते. यांना मधुमेह आहे, सकाळची उसळ आणि भाजी हेच करतात, आणि गेल्या उन्हाळ्यात एकदा स्वयंपाकघरातच त्यांना घेरी आली होती. आता पंखा चालू ठेवून भाजी होते. वायरमनला बोलावून सोळा अँपिअरचं सॉकेट आधी बसवलं, काका, मग दुकानात गेले. आणि हो, पाणी ठेवून बुडबुडे बघूनच घेतला. दुकानदाराने दोन नग बदलून दाखवले.

माईआजी, टोपलीचं अस्तर करायला जुनी सुती गोधडीच घ्या, नायलॉनची नको. ती गरम पातेल्याला चिकटते. नातीला सांगा, मला निरोप पाठव, मी माप आणि शिवण कळवते.

माईआजी, नौपाडा

पाठवला आहे. गोधडी माझ्या सासूबाईंच्या नऊवारीची आहे, चालेल ना?

केळफूल

चालेल आजी. घड्या घालताना काठ बाहेरच्या बाजूला ठेवा, आत जरीचा गेला तर तापेल.